माळ्यावरच्या ८ मिमी प्रोजेक्टरमध्ये बदल करून घरातली रिळं डिजिटल करायची असतील तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराचा माळा आवरताना आजोबांचा ८ मिमीचा प्रोजेक्टर सापडला. सोबत पत्र्याच्या डब्यांत साठीच्या दशकातली वीसेक छोटी रिळं आहेत: मुंज, लग्नं, कमाटीबागेतल्या सहली, सूरसागरचं गणपती विसर्जन. दिवा लागतो, फिल्म सरकते, पण खालचं रीळ गुंडाळत नाही. एक रीळ भिंतीवर लावून मोबाईलवर शूट केलं तर चित्र लुकलुकतं आणि कडा काळवंडतात. प्रोजेक्टरमध्येच बदल करून एकेक फ्रेम नीट टिपता येईल का?

येईल, आणि चिकाटी असेल तर घरी करण्यासारखं काम आहे. पण आधी एक विनंती: आता दुसरं रीळ त्या प्रोजेक्टरवर चढवू नका. जुन्या यंत्राचं ग्रीस घट्ट झालेलं असतं, गेटमध्ये, म्हणजे फिल्म दिव्यासमोर जिथून सरकते त्या खाचेत, साठ वर्षांची घाण असते, आणि गुंडाळणी बंद असली की फिल्म जमिनीवर पडते, पायाखाली येते. शिवाय कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मची गंमत अशी की अंधारात तिचे रंग दशकानुदशकं टिकतात, पण प्रोजेक्टरच्या प्रखर झोतात ते इतर फिल्मांपेक्षा लवकर उडतात. मूळ फिल्म एकच असते, तिची निगेटिव्ह कुठेही नसते. कॅमेऱ्यातून गेलेली तीच पट्टी धुऊन घरी आलेली असते.

लुकलुकण्याचं कारणही समजून घ्या, कारण पुढचे सगळे बदल त्यातूनच निघतात. ८ मिमी फिल्मच्या दोन प्रकारांपैकी रेग्युलर ८ साधारण सेकंदाला १६ फ्रेमनी आणि सुपर ८ साधारण १८ फ्रेमनी चालते. डोळ्यांना लुकलुक जाणवू नये म्हणून प्रोजेक्टरचं शटर, म्हणजे उजेड अडवणारी फिरती पाती, प्रत्येक फ्रेम तीनदा दाखवतं, म्हणजे १८ फ्रेमना सेकंदाला ५४ झपके. मोबाईल २५ किंवा ३० फ्रेमनी टिपतो, आणि दोघांचा मेळ बसत नाही. प्रोजेक्टरचा वेग बरोबर १६.६७ वर आणला तर ५० झपके होतात आणि २५ फ्रेमच्या व्हिडिओशी जुळतात. कित्येक वर्षं लग्नाच्या व्हिडिओवाल्यांनी याच युक्तीवर कामं केली. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर एक झलक पाठवायला ती पुरेल. जपून ठेवण्यासाठी नाही, कारण फ्रेमा एकमेकांत मिसळतात, मधला भाग उजळ आणि कडा अंधाऱ्या राहतात.

खरा मार्ग म्हणजे प्रोजेक्टरचं दाखवण्याचं काम काढून घ्यायचं आणि फिल्म सरकवण्याचं तेवढं ठेवायचं. शटर नाही, तापणारा दिवा नाही, वेग नाही. फिल्म एक फ्रेम पुढे येते, थांबते, मागून थंड आणि सम उजेड पडतो, कॅमेरा एक फोटो काढतो. बस. बहुतेक जण यात सगळा जीव कॅमेऱ्यात घालतात, किती मेगापिक्सल, ४के की नाही. निकाल ठरतो तो गेटमध्ये आणि त्यामागच्या उजेडात. तिथे कष्ट घ्या. कॅमेरा मध्यम असला तरी चालतो.

आधी फिल्म तपासा. १९६५ पूर्वीची असेल तर ती रेग्युलर ८च, कारण सुपर ८ त्या वर्षी आली. रेग्युलर ८ हे माप कोडॅकने १९३२ मध्ये आणलं. ओळखायची खूण सोपी आहे: रेग्युलरचं भोक मोठं आणि दोन फ्रेमच्या मधल्या रेषेशी, सुपरचं भोक लहान आणि फ्रेमच्या मध्यावर. दोन्ही चालवणाऱ्या यंत्रावर एक खटका असतो. तो चुकीच्या बाजूला असेल तर फिल्म ओढणारा दाता भोकाऐवजी फिल्ममध्ये घुसतो. साठीच्या दशकातल्या तुमच्या डब्यांत दोन्ही प्रकार मिसळलेले असण्याची पूर्ण शक्यता आहे.

मग डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेटचा पाया, म्हणजे चित्राचा थर ज्यावर बसवलेला असतो ती पारदर्शक पट्टी, कुजायला लागलाय. ही प्रक्रिया स्वतःला वाढवत नेते आणि शेजारच्या रिळांनाही लागते, म्हणून अशी रिळं वेगळी काढा आणि कामात पहिला नंबर त्यांचा लावा. ती आकसलेलीही असतात. मोजायचं असेल तर फिल्म न ताणता टेबलावर सपाट ठेवून १०० फ्रेमची लांबी मोजा. रेग्युलर ८मध्ये ती सुमारे ३८१ मिमी भरायला हवी, सुपर ८मध्ये सुमारे ४२३. रेग्युलरचे १०० फ्रेम ३७७ मिमीच्या आसपास आले, म्हणजे एक टक्का आकसली, तर ती दात्याच्या यंत्रात घालूच नका. भोकं फाटतील. असं रीळ दाता नसलेल्या, रोलरवर चालणाऱ्या स्कॅनरकडे पाठवणं हाच शहाणपणा.

विश्वामित्रीच्या पुराचं वेगळं सांगतो. २०१९ आणि २०२४च्या पुरात आपल्याकडे अनेक घरांत तळमजल्यावरची कपाटं भिजली. फिल्म भिजून तशीच डब्यात वाळली असेल तर तिचे थर एकमेकांना चिकटतात. ती ओढून सोडवू नका, चित्राचा थरच सुटून येतो. आणि पांढरी जाळीदार बुरशी दिसली तर पाण्याने पुसायचा मोह टाळा, कारण बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं. कोरड्या मऊ कापडाने किंवा ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि तेही आधी शेवटच्या कोऱ्या पट्टीवर करून बघून. घरातलं सॅनिटायझर नको, त्यात पाणी असतं. कडेला तपकिरी चुंबकी पट्टा असलेल्या, म्हणजे आवाजाच्या फिल्मवर तर अल्कोहोल आणखी जपून. खिडक्या उघड्या ठेवून काम करा.

जुने जोड हाताने रीळ फिरवत तपासा. सुटत आलेले जोड स्प्लायसिंग टेपने नव्याने करा. साधी सेलोटेप कधीही नाही, तिचा गोंद पाघळून पुढच्या तीन फेऱ्यांना चिकटतो.

आता यंत्र. आजोबांचा प्रोजेक्टर चांगल्या अवस्थेत असेल तर मी त्यात सुरी घालणार नाही. त्याच मापाचा एखादा बंद पडलेला, दिवा गेलेला प्रोजेक्टर भंगारात किंवा ऑनलाइन मिळवा आणि त्याचं ऑपरेशन करा. दिवा आणि शटर तुम्ही काढूनच टाकणार आहात, त्यामुळे ते बंद असले तरी बिघडत नाही. बघायचं ते गेट, दाता आणि दातेरी चाकं. आजोबांचाच वापरायचा असेल तर काढलेला प्रत्येक भाग, स्क्रूसकट, नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा, म्हणजे उद्या तो परत जसाच्या तसा जोडता येईल.

विजेची काळजी. परदेशातून आलेली कित्येक यंत्रं ११०-१२० व्होल्टची असतात. मागच्या पाटीवर बघितल्याशिवाय प्लग लावू नका. काहींत वेगळा ट्रान्सफॉर्मर नसतो. युमिग कंपनीच्या काही यंत्रांत मोटरच्या गुंडाळीवरूनच दिव्याला कमी व्होल्टेज घेतलेलं असतं, त्यामुळे मोटर काढली की दिवाही गेला. वायर दोन तारांची, अर्थिंग नसलेली. या सगळ्यातून सुटायचा सरळ मार्ग असा की २३० व्होल्टची सगळी जोडणी काढून टाका आणि यंत्र १२ किंवा २४ व्होल्टच्या बाहेरच्या ॲडॅप्टरवर चालवा. मुलं घरात असतील तर हे नक्कीच करा.

मोटरच्या जुन्या रबरी पट्ट्याचा चिकट चोथा अल्कोहोलने काढा, नवा गोल रबरी पट्टा बसवा. घट्ट झालेलं ग्रीस खरवडून पूर्ण काढा, त्यावर नवं तेल ओतू नका. मग शिलाई मशीनचं तेल, टाचणीच्या टोकाएवढं, फक्त बेअरिंगांना. फिल्म जिथून जाते तिथे तेलाचा थेंबही नको.

इथे गेटवर थांबतो, कारण सगळ्या ओरखड्यांचा जन्म तिथे होतो. गेटचं दार उघडा, टॉर्च तिरकी धरा आणि भिंगातून बघा. फिल्मच्या कडा टेकतात त्या दोन पट्ट्यांवर काळपट खवले दिसतील. फिल्मचं सुटलेलं जिलेटिन, धूळ आणि ग्रीस मिळून ते काचेसारखे कडक झालेले असतात. असा एक खवला पुढच्या सगळ्या रिळांवर वरपासून खालपर्यंत सरळ रेघ ओढत जातो. स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. अल्कोहोलने भिजलेला कापसाचा बोळा दहा मिनिटं ठेवा, मग बांबूच्या काडीने काढा. दाब देणारी स्प्रिंगची पट्टी मागेपुढे मोकळी हलते का ते बघा. दात्याच्या टोकावर फिल्मने खोबण पाडली असेल तर तो दाता बदलायला हवा. सगळं झाल्यावर कोऱ्या लीडरचा, म्हणजे चित्र नसलेल्या फिल्मपट्टीचा, एक वळसा जोडून तो अर्धा तास फिरवत ठेवा आणि भिंगाखाली बघा. एक जरी नवी रेघ उमटली तर घरच्या फिल्मला अजून वेळ आहे.

गेटची चौकट मूळ चित्राच्या थोडी आतली असते, त्यामुळे फ्रेमच्या कडा कापल्या जातात. बारीक कानशीने ती मोठी करून भोकंही दिसतील इतकी करता येते. त्याचा मोठा फायदा पुढे होतो: भोकाच्या जागेवरून सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम एका जागी आणतं. पण कानस लावल्यावर कडेला राहिलेली बारीक कूस ब्लेडपेक्षा वाईट. शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने ती अशी गुळगुळीत करा की बोटावर काही लागणार नाही, आणि लोखंडी भुसा ब्रशने व लोहचुंबकाने काढा. हात बसलेला नसेल तर हे काम मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या टूलरूमवाल्याकडून करून घ्या. त्याच्याकडूनच मोटरची पुली लेथवर काढून घेता येईल.

शटरची पाती काढा. मात्र ज्या बुशावर ती बसतात तो राहू द्या, त्यावर पुष्कळदा दात्याचा कॅम, म्हणजे दाता हलवणारं चाक, असतं. मोटर बदलायची तर नेमा १७ मापाची स्टेपर, म्हणजे पावलापावलाने फिरणारी, मोटर पुरते, एका फेरीला २०० पावलं. मुख्य दांडा एका फेरीत एक फ्रेम सरकवतो की तीन फेऱ्यांत, हे यंत्रागणिक बदलतं. हाताने चक्र फिरवून मोजा, मगच मोटर चालवणारा प्रोग्राम लिहा. दांड्यावर छोटा लोहचुंबक चिकटवून समोर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर बसवा. चुंबकाची जागा अशी हवी की दाता भोकातून बाहेर पडल्यानंतर, फिल्म पूर्ण स्थिर असताना सेन्सर सांगेल की 'घे फोटो'. स्टेपर असेल तर तिथे यंत्र थांबवा, सेकंदाचा पाचवा भाग थरथर शमू द्या, फोटो, मग पुढे. कोणी सांगेल की मोटर न थांबवता हळू फिरवली तरी चालतं. चालतं, पण रोलिंग शटरच्या, म्हणजे चित्र ओळीओळीने टिपणाऱ्या, कॅमेऱ्यात कधीमधी फ्रेमचा खालचा भाग हललेला येतो आणि ते हजारो फोटोंत शोधत बसावं लागतं.

उजेड. मूळचा हॅलोजन काढा, त्यामागचा आरसा काढा, पुढची उजेड एकवटणारी कंडेन्सर भिंगंही काढा. त्या जागी ९५ किंवा जास्त सीआरआयची (रंग किती खरे दिसतात त्याचं माप), दिवसाच्या उजेडाच्या रंगाची एलईडी आणि तिच्यापुढे दुधी ॲक्रिलिकचा तुकडा. टेबल टेनिसचा चेंडू अर्धा कापून त्याची वाटी वापरतात, तीही उत्तम चालते. पसरट उजेडाचं मोल पडद्यावर लगेच कळतं: कंडेन्सरचा सरळ झोत पायावरचा प्रत्येक बारीक ओरखडा काळी रेघ करून दाखवतो, पसरट उजेडात तेच निम्मे-अधिक ओरखडे दिसेनासे होतात. फुकटात मिळणारी एवढी मोठी दुरुस्ती या कामात दुसरी नाही. एलईडीला स्थिर करंटचा ड्रायव्हर द्या. घरातला २३० व्होल्टचा बल्ब किंवा स्वस्त डिमर झपकतो आणि चित्रात पट्टे येतात. उजेड कमी-जास्त करायचा तर कॅमेऱ्यात करा.

कॅमेऱ्याबद्दल आधी एक हिशोब. पन्नास फुटांच्या रेग्युलर ८ रिळात सुमारे ४००० फ्रेम असतात, सुपर ८मध्ये ३६००. वीस रिळं म्हणजे सत्तर-ऐंशी हजार फोटो. बहुतेक डीएसएलआरचं यांत्रिक शटर लाख-दीड लाखांच्या हिशोबाने बनवलेलं असतं, म्हणजे एका घरच्या रिळांत चांगल्या कॅमेऱ्याचं अर्धं आयुष्य संपलं. मिररलेस असेल तर इलेक्ट्रॉनिक शटर वापरा, नाहीतर रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा एचक्यू कॅमेरा घ्या. त्याचा सेन्सर सुमारे ६.३ बाय ४.७ मिमी आहे आणि सुपर ८ची फ्रेम सुमारे ५.८ बाय ४, म्हणजे जवळजवळ एकास एक मोठेपणात काम होतं. रेग्युलर ८ची फ्रेम आणखी लहान, त्यामुळे त्याच मोठेपणात कडेच्या भोकाचाही बराचसा भाग दिसतो. भिंग म्हणून डार्करूममधल्या एन्लार्जरची ५० मिमीची लेन्स शोधा. डिजिटल आल्यावर स्टुडिओवाल्यांनी ती कोपऱ्यात टाकून दिली आहे. एकास एकसाठी ती फिल्मपासून सुमारे १०० मिमी आणि सेन्सरपासूनही तेवढीच लांब लागते. बेलोज (घडीचा भाता) किंवा नळ्या लावून हे साधतं. ॲपर्चर ४ ते ५.६. फोकस चेहऱ्यावर करू नका, चेहरा मूळ कॅमेऱ्यातच धूसर असू शकतो. फिल्मच्या कणांवर करा, दाणे टोकदार दिसले की थांबा.

एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स, फोकस सगळं हाताने, एका रिळासाठी एकच. ऑटोवर ठेवलं की पांढरं सोवळं आलं, फ्रेम काळवंडली, सोवळं गेलं, फ्रेम उजळली, असं होतं. मुंजीच्या रिळात हे हमखास दिसतं. प्रखर भाग जळू देऊ नका, सावली नंतर वर काढता येते. जुनी फिल्म फारच गडद असेल तर प्रत्येक फ्रेमचे कमी-जास्त एक्स्पोजरचे दोन फोटो घेऊन एकत्र करतात. वेळ दुप्पट लागतो, पण मांडवाच्या सावलीत बसलेली माणसं ओळखू येतात.

सेकंदाला दीड फ्रेमचा वेग मिळाला तरी एक रीळ पाऊण तासात होतं. जागेचा विचार मात्र आधीच करा: एचक्यू कॅमेऱ्याच्या १२ बिट रॉ, म्हणजे सेन्सरवरून जशाच्या तशा उतरवलेल्या, फोटोला साधारण १८ एमबी लागतात, म्हणजे ४००० फ्रेमना ७० जीबीच्या वर. उत्तम दर्जाच्या जेपेगमध्ये ते पुष्कळ कमी होतं आणि घरच्या फिल्मसाठी पुष्कळदा पुरतं. रॉ मी फिकट पडलेल्या किंवा फार गडद रिळांसाठी ठेवतो.

फोटोंची माळ व्हिडिओत बांधताना १६ किंवा १८ फ्रेमचाच व्हिडिओ बनवा, आजचे टीव्ही आणि मोबाईल तो चालवतात. सॉफ्टवेअरने मधल्या फ्रेमा कल्पून २५ किंवा ५० करू नका. हात हलले की बोटं विरघळलेली दिसतात, आणि आजोबांच्या हातच्या चित्रात ते मला सहन होत नाही. स्थिरीकरण भोकांवरून करा, चित्रावरून नाही. चित्रावरून केलं तर आजोबांनी कॅमेरा मुद्दाम फिरवला तिथेही सॉफ्टवेअर त्याला अडवतं. रंगांसाठी दाविंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. मूळ प्रत एफएफव्ही१ या व्हिडिओ प्रकारात, काहीही न गमावता ठेवा. नातेवाइकांसाठी वेगळी एमपी४.

चित्र आरशासारखं उलटं आलंय का हे आवर्जून तपासा. फिल्म कुठल्या बाजूने टिपली यावर ते ठरतं आणि बघताना सहज निसटतं. बाजारातल्या दुकानांच्या गुजराती पाट्या असतील तर लगेच कळेल. पाटी नसेल तर मुंजीत बटूचं जानवं बघा: ते डाव्या खांद्यावरून उजव्या कुशीकडे जायला हवं. मंगलकार्यात अपसव्य दिसलं तर चित्र उलटं आहे. लग्नाच्या रिळात नथ डाव्या नाकपुडीत हवी, पदर डाव्या खांद्यावर. शेजारच्या गुजराती बायकांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे आलेला असेल, तेव्हा घरच्या बायकांकडे बघूनच ठरवा.

कडेला तपकिरी पट्टा असलेलं एखादं रीळ निघालं तर त्यात आवाज असू शकतो. तो या बदललेल्या यंत्रातून मिळणार नाही, कारण आवाजाला सलग आणि मूळ वेग लागतो. चालू स्थितीतला आवाजी प्रोजेक्टर मिळवून त्यातून आवाज एकदाच वेगळा रेकॉर्ड करा आणि नंतर चित्राशी जुळवा. सुपर ८मध्ये आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे नोंदवलेला असतो.

काम दिवाळीनंतर सुरू करा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत फिल्म फुगते, गेटमध्ये अडते आणि साफ केलेल्या रिळावर पुन्हा बुरशी धरते. डिजिटल झाल्यावर रिळं टाकू नका आणि परत माळ्यावरही ठेवू नका, मे महिन्यात तिथे भट्टी असते. गंजलेले डबे बदलून हवा खेळणारे प्लास्टिकचे डबे घ्या, आणि घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत मधल्या कप्प्यात आडवे ठेवा, पुराच्या पाण्याच्या वर. प्रत्येक डब्यावर रिळाचा क्रमांक घाला आणि तोच क्रमांक फाइलच्या नावात.